वकीलसाहेबाचा पाय

"चपला तिकडे. गेटच्या बाहेर. आत आणायच्या नाहीत."

बंगल्याची मालकीण, वहिनीबाई, पोर्चमधून ओरडली. तोंडाले दोन मास्क, हातात फवारणीचा पंप. गुलाबाच्या झाडाईवर औषध मारायचा असते ना, तो. आम्ही दोघी मायलेकी अनवाणी गेटमधून आत आलो.

"थांबा. तिथंच. हात वर करा. वळा."

आम्ही हात वर केले. वळलो. तिनं आमच्या पाठीवर, पोटावर, हातावर फवारलं. अंगावर थंडं लागलं ते तेवढंच. पायाखाली शहाबादी फरशी होती. मे महिना, अकोल्याचं ऊन आन् दुपारचा एक वाजलेला.

"आता वाळेपर्यंत उभ्या राहा. दहा मिनिटं. कशाला हात लावायचा नाही."

ती आत जाऊन कूलरसमोर बसली आन् खिडकीतून आमच्यावर नजर ठेवून राहिली. मी एक पाय उचलू, दुसरा टेकवू. दुसरा उचलू, पहिला टेकवू. तळवा चर्रकन भाजे. माही माय मात्र हलली नाही. पदर डोक्यावर, नजर खाली, दोन्ही पाय जुळवून उभी.

वहिनीबाई खिडकीतून बोलली, "बघ, तुझी आई कशी शांत उभी राहते. तुझेच नखरे फार. चार बुकं शिकली की फरशीसुद्धा टोचते."

मले लाज वाटली. वहिनीबाईची नाही, माहीच. म्हटलं, पंचावन वर्षाची बुढी सोसून राहिली आन् आपण नाचून राहिलो. म्या दात आवळले आन् पाय फरशीवर रोवले.

माय सोसून राहिली, असं मले वाटलं. मी पायाची ड्रेसिंग करणारी बाई. आठ वर्षं साखरेच्या बिमारीचे पाय मांडीवर घेतलेली. आन् मले असं वाटलं. हे मी विसरत नाही, तुम्हीही ध्यानात ठेवा.

आता मी कोण ते सांगतो. बाप मी सातवीत असतानाच गेला. माय पंधरा वर्षांपासून त्या बंगल्यावर धुणंभांडी करे. बारावी झाल्यावर मी एका पायाच्या डॉक्टरकडे कामाले लागली. डॉक्टर अमरावतीचे, आठवड्यातून दोन दिवस अकोल्यात बसत. साखरेचे पेशंट येत, कोणाच्या टाचेले भोक, कोणाचं बोट काळं. पहिल्या वर्षी म्या झाडू मारला. दुसऱ्या वर्षी गॉज कापले. तिसऱ्या वर्षी ड्रेसिंगवाला भाऊ काम सोडून गेला आन् डॉक्टर म्हणाले, "तू कर." तवापासून करून राहिली. जखम धुवायची, मेलेलं मास कुठं संपते आन् जितं कुठून लागते ते पाहायचं, पट्टी अशी बांधायची का दाबही नाही आन् ढिलीही नाही. डॉक्टर पेशंटले सांगत, हिचा हात हलका आहे.

एक भाषण मले तोंडपाठ झालं होतं. हरेक पेशंटले देत होती. साखरेनं पायाची जाण जाते. खिळा रुतला तरी समजत नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नका, दुखत नाही तोच रोग आहे. रोज तळपाय पाहा. घरातही चप्पल घाला. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही.

मायले साखर होती. सात वर्षं झाली होती. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. तिले हे भाषण म्या किती वेळा देलं? एकदा. ती हसली. म्हणाली, "मोठ्या लोकायच्या पायाचं मले सांगून राहिली काय वो तू?"

आन् तळपाय तर तिनं कधी पाहूच देला नाही. आमच्या घरात लेकीनं मायबापाच्या पायाले हात लावायचा नाही. लेक लक्ष्मी. तिच्या पाया मायबापानं पडायचं, तिनं त्याईच्या नाही. दसऱ्याले सोनं देलं का माय वाकून माह्याच पाया पडे आन् मी मागं सरकू. साऱ्या जगाचे पाय माह्या मांडीवर येऊन गेले. मायच्या पायाले हात लावला तर तिले पाप लागे.

मंग कोरोना आला. जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या. डॉक्टर तिकडे अमरावतीत अडकले, अकोल्याच्या दवाखान्याले कुलूप लागलं. आमच्या पेशंटमध्ये एक वकीलसाहेब होते, वहिनीबाईचे सासरे. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बोराएवढी जखम. डॉक्टरनं त्याईले फोनवर सांगतलं का रोज ड्रेसिंग लागन, माह्या दवाखान्यातली पोरगी घरी येऊन करून देईन. वहिनीबाईले तवा समजलं का ती पोरगी म्हणजे आपल्याच भांडीवालीची लेक.

"अगं, मग आईसोबतच ये ना," ती म्हणाली. "दोनदा गेट उघडायला नको."

वेळ ठरली दुपारी एकची, त्याईचं जेवण झाल्यावर. मायले भांडी, मले पाय.

चपला गेटबाहेर, हा नियम काही कोरोनाचा नव्हता बरं. पाहुण्याची चप्पल पोर्चमध्ये राहे, दूधवाल्याची पायरीखाली, मायची गेटबाहेर. पंधरा वर्षांपासून. पहिले वहिनीबाईले हे नजर चुकवून सांगा लागे. कोरोनात ती मोठ्यानं सांगायले लागली, कारण आता त्याले नियम म्हणता येत होतं. पण पहिले माय सकाळी सातले जाय, फरशी थंडी राहे, आन् तिले दहा मिनिटं उन्हात कोणी वाळत घालत नव्हतं.

आता वकीलसाहेबाच्या पायाचं सांगतो.

खोटं नाही बोलत. मले त्या पायाचा हेवा वाटे. माणसाचा नाही, पायाचा. तो पाय स्टुलावर राहे. खाली मऊ उशी, उशीवर धुतलेला पांढरा टॉवेल. कूलरची हवा सरळ त्याच्यावर. मी खाली, माह्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या चटईवर. पट्टी सोडली का मोबाईलवर सगळे हजर होत. अमरावतीचे डॉक्टर, पुण्याची मुलगी, वरच्या मजल्यावरून मुलगा. "आज लाली छान आहे." "कडा भरून येतायत हं." बारशातल्या लेकरासारखी त्या पायाची खबर घेत. मी मनात म्हणू, वा रे पाया, तुहं नशीब.

आन् त्या पायाची चप्पल. अमरावतीहून मापावर बनवून आणलेली. आतून मऊ काळं रबर, जखमेच्या जागी खड्डा कोरलेला, म्हणजे तिथं वजन पडू नये. ती चप्पल घालून वकीलसाहेब साऱ्या घरात फिरत. बैठकीत, सैपाकघरात, थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. ज्या घरात कोणी कधी चप्पल घालून उंबरा ओलांडला नसन, त्या घरात. काहून? डॉक्टरनं सांगतलं म्हणून. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही.

ते भाषण तर माहंच होतं. म्याच त्याईले देलं होतं.

ड्रेसिंग झाल्यावर ती चप्पल मले स्पिरिटनं पुसा लागे. पुसताना मी आत बोट दाबून पाहू. रबर दबे आन् हळूच वर ये. मले वाटे, मायनं एकदा यात पाय घालून पाहावा. एकदाच. मायची स्लिपर टाचेपाशी झिजून कागद झाली होती, पट्टा दोऱ्यानं शिवलेला. आन् ती पण गेटबाहेर, उन्हात.

वकीलसाहेब वाईट बोलत नसत, हेही सांगा लागन. ते बोलतच नसत. मी पाय धरला का पेपर तोंडासमोर धरत. दीड महिन्यात एकदा इचारलं, "तुझ्या आईला शुगर आहे म्हणे?"

म्या म्हटलं, हो.

"काळजी घ्यायला सांग," ते म्हणाले आन् पान पलटवलं.

मे सरता सरता आमच्या घरात वास येऊ लागला. सडका आन् गोडसर. हा वास मी झोपेतही ओळखतो. मले वाटलं, माह्याच हाताचा आहे. कामावरचा वास घरी आला. म्या हात दोनदोनदा साबणानं धुतले. कपडे दाराबाहेर बादलीत भिजवले. केस धुतले. वास जाईना. तवा टीव्हीवर दिवसभर सांगत का वास येत नसन तर कोरोना समजा. मले वास येत होता, म्हणून मी उलट खुश होती. इतकी मी हुशार.

माय म्हणे, "तुह्या दवाखान्याचाच वास हाय वो. पाठ सोडत नाई."

रविवार होता. काम आटपून आलो आन् माय दारात वाऱ्याले आडवी झाली. डोळा लागला. पाय माह्याकडं. डाव्या पायाले लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, दिवसभर लुगड्याच्या काठाखाली लपवलेली, त्यावर हळदीचा पिवळा डाग, आन् त्या डागावर माश्या. मी जवळ गेली आन् वास वाढला. म्या चिंधी सोडली.

टाचेपासून बोटापर्यंत कातडी सुटली होती. हळद आन् खोबऱ्याच्या तेलाचा लेप, त्याच्याखाली पू. करंगळी आन् तिच्या बाजूचं बोट काळं पडलं होतं. म्या पाय धरला. माय दचकून उठली आन् पाय ओढू लागली.

"सोड! पाय सोड माहा! लेकीच्या हातात पाय देऊ काय मी?"

"कवापासून आहे हे?"

"फोड आल्ते. फुटले. दुखत नाई वो, आईशप्पथ. दुखलं असतं तर सांगतलं नसतं काय तुले?"

"कायचे फोड?"

तिनं पदरानं माश्या हाकलल्या. मंग हळूच म्हणाली, "त्या फरशीचे असतीन."

दवाखान्यातून मी एक बारीक नायलॉनचा दोरा घरी आणून ठेवला होता. पायाची जाण पाहायचा. म्या तिले डोळे मिटायले सांगतलं. म्हटलं, दोरा लागला का हो म्हण. दहा जागी टेकवला. ती डोळे मिटून बसून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "लाव ना वो. काहून थांबली?"

"लावला, माय. साराच लावला."

तवा मले समजलं. माय उन्हात सोसत नव्हतीच. तिले ऊन समजतच नव्हतं. फरशी तिचा पाय भाजून राहिली होती आन् पाय तिले सांगत नव्हता. ती हलली नाही म्हणून वहिनीबाईनं तिची तारीफ केली आन् म्या ती तारीफ ऐकून माहे पाय रोवले. दीड महिना. रोज दहा मिनिटं. तिच्या बाजूले, हातभर अंतरावर, मी उभी होती. आठ वर्षं शिकलेली मी.

म्या स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरोखर मारून घेतली. माय म्हणे, असं काहून करून राहिली? 

सोमवारी वकीलसाहेबाच्या पायाची ड्रेसिंग झाली. मोबाईल चालूच होता. सगळ्यांसमोर म्या डॉक्टरले मायच्या पायाचा फोटो दाखवला. डॉक्टरचा चेहरा उतरला. "परवापर्यंत इथं आण. काळं वर चढायच्या आत. दोन बोटं जातील, पाय वाचवतो." मंग त्याईलेच सुचलं. "अगं, वकीलसाहेबांची गाडी परवा येतेच आहे माझ्याकडे, हाड तपासायला. पास निघालाय. तूही त्यांच्यासोबत आहेसच. आईलाही बसव. मी चिठ्ठी पाठवतो मोबाईलवर."

माह्या जिवात जीव आला. म्या वहिनीबाईकडं पाह्यलं. मोबाईल बंद होईपर्यंत ती हसत होती.

मंग म्हणाली, "जागा कुठंय गं?"

म्या मोजून सांगतलं. समोर मुलगा गाडी चालवीन. मागं वकीलसाहेब आन् मी. मधली जागा आहे.

"मधे आबांचा पाय असतो ना. त्यांना लांब करून ठेवावा लागतो."

"समोरची सीट?"

"समोर डबा असतो, फळं असतात, बाटल्या असतात. आणि हे बघ, तुझ्या आईच्या जखमेत काय आहे काय नाही, आबांना त्रास झाला तर? तू समजदार आहेस. ती जागा पायाची आहे."

 वकीलसाहेबाच्या तोंडासमोरचा पेपर थोडासा हलला. मले वाटलं, आता बोलतीन. वकील आहेत, जन्मभर दुसऱ्यासाठी बोलले. आता एक शब्द माह्या मायसाठी बोलतीन. त्याईनं पान पलटवलं.

तरी मी गेली त्या गाडीत. हो, गेली. कोणाले तोंड दाखवायची सोय नाही, पण गेली. म्हटलं, समोरासमोर डॉक्टरच्या हातापाया पडतो, तिकडून अॅम्बुलन्स करून घेतो. आन् काम जाईन ही भीतीही होती, ते लपवत नाही. मायनंच मले डबा बांधून देला. म्हणाली, "जा वो. त्याईचा पाय नाजूक हाय."

सीटवर मधे उशी. उशीवर तो पाय. पट्टी म्याच बांधलेली, पांढरी, नीटनेटकी. खड्डा आला का दोन्ही हातानं तो धरायचा, मले तसं सांगतलं होतं. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. रस्ता सारा रिकामा. मी त्या सीटकडं पाहत राहिली. माही माय अंगानं काडी आहे. तेवढ्या जागेत तिच्यासारख्या दोन बसल्या असत्या. एसीचा झोत पायावर होता. मी जळून राहिली होती. असं जळणं म्या जन्मात केलं नव्हतं. लोक दुसऱ्याच्या घराचा, दागिन्याचा, पोराच्या नोकरीचा हेवा करतात. मी एका बुढ्याच्या सडक्या अंगठ्याचा करून राहिली होती.

आन् एक पाप मनात आलं. माह्या हाताचा अंगठा दाबायचा. पट्टीवरून, जखमेच्या मधोमध, नखानं, जोरात. दीड महिन्याचं भरलेलं मास एका मिनिटात फाटलं असतं. त्याले समजलंही नसतं, त्याचाही पाय तर बहिराच होता. कोणाले समजलं नसतं. बडनेऱ्याच्या अलीकडं मोठा खड्डा आला. म्या दोन्ही हातानं पाय धरला. माहा अंगठा बरोबर जखमेवर होता.

नाही दाबला. मी मोठ्या मनाची आहे म्हणून नाही. हातच ऐकेना. आठ वर्षं जखम सांभाळलेला हात, त्याले दुसरं काही येतच नाही. मले त्या हाताचा राग आला.

डॉक्टरनं वकीलसाहेबाचा पाय पाह्यला. म्हणाले, हाड साफ आहे, सुंदर भरतंय, हात आहे पोरीचा. मंग माह्याकडं पाहून इचारलं, "आई?"

म्या म्हटलं, "जागा नव्हती."

त्याईनं खूप फोन केले. साऱ्या अॅम्बुलन्स कोरोनाच्या कामात होत्या. चिठ्ठी मात्र लिहून देली. आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कांद्याचा एक पिकअप अमरावतीले जाऊन राहिला होता, त्याच्या डायवरनं आम्हाले मागं बसवलं. पोत्यावर माय आडवी. तिचा पाय माह्या मांडीवर. जिंदगीत पहिल्यांदा. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. मले वाटलं, उन्हानं. ती आतून म्हणत होती, "पाप लागते वो लेकी. पाप लागते." तिले ताप भरला होता. मी तिचा पाय छातीशी धरून बसली आन् अमरावती येईपर्यंत सोडला नाही.

तवापर्यंत काळं घोट्याच्या वर गेलं होतं.

गुडघ्याखाली कापला. डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आन् म्हणाले, "तीन दिवस आधी..."   तीन दिवस आधी त्याच दारात एक पाय उशीवर पडून आला होता. तो तिचा नव्हता.

पावसाळ्यात वकीलसाहेबाची जखम बंद झाली. वहिनीबाईनं मोबाईलवर फोटो पाठवला. आबा बगिच्यात फिरून राहिले, पायात तीच काळी चप्पल. खाली लिहिलेलं, तुझ्यामुळे. मी तो फोटो मोठा करून पाह्यला. दोन पाय. दोन चपला. माही माय पलंगावर बसून एका पायात मोजा घालून राहिली होती. वहिनीबाईनं तिच्यासाठी एक जुनी साडी आन् केळी पाठवली होती. मायनं केळी देवापुढं ठेवली. म्या उचलून गायले टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. दवाखान्याले पुन्हा कुलूप. आन् फोन आला. "आबांच्या पायाला पुन्हा जखम झालीय. तुझ्याशिवाय त्यांना कोणाचा हात चालत नाही. उद्यापासून ये."

मी निघाली तवा माय दारापर्यंत वॉकर घेऊन आली. म्हणाली, "चप्पल बाहीर काढजो बरं. वाद नोको घालू. आपलं काय जाते?"

म्या तिच्याकडं पाह्यलं. मंग खाली पाह्यलं. तिनंही पाह्यलं. तिथं लुगडं सपाट लोंबत होतं.

"पाय गेला, माय," म्या म्हटलं.

तिनं वॉकर बाजूले घेतला आन् मले वाट देली.

तेच गेट. तीच फरशी, तेच ऊन. फरशीवर एक बाई उभी होती, हात वर केलेले. मायच्या जागी लावलेली नवी भांडीवाली, चाळीसेक वर्षाची. ती एक पाय उचले, दुसरा टेकवे. नाचून राहिली होती. म्हणजे तिचे पाय अजून जिते होते. तिची स्लिपर गेटबाहेर, माह्या पायाजवळ पडलेली.

"आलीस?" वहिनीबाई पोर्चमधून म्हणाली. "चपला तिकडेच काढ."

"नाही काढत."

"काय?"

"चप्पल काढणार नाही. पंप माह्यावर मारायचा नाही. हात मी साबणानं धुईन, ते माहं काम आहे. चालत असन तर आत येतो. नाही तर वापस जातो."

"अगं, आमच्या घरात कोणी चप्पल घालून येत नाही."

"वकीलसाहेब घालतात."

"त्यांना शुगर आहे!"

"माह्या मायले पण होती."

ती तशीच उभी राहिली, हातात पंप घेऊन. म्या खाली वाकून त्या बाईची स्लिपर उचलली. आत गेली आन् तिच्यासमोर ठेवली. ती भांबावून एकदा माह्याकडं पाहे, एकदा वहिनीबाईकडं. म्या म्हटलं, "घाल मावशे. भाजून राहिली ना?" तिनं हळूच पाय आत सरकवले. एक, मंग दुसरा.

मी चप्पल घालूनच आत गेली. माह्या चपलीचा आवाज त्या चकचकीत फरशीवर झाला, तो म्या नीट ऐकला. मोरीत हात धुतले. चटई बाजूले केली आन् खुर्ची ओढून बसली. उशीवर तोच पाय. पट्टी सोडली. जखम वाईट होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. पेपर वर झाला.

"पेपर खाली घ्या, साहेब," म्या म्हटलं. "मी बोलून राहिली."

पेपर खाली आला. त्या घरात त्याईचं तोंड म्या पहिल्यांदा समोरून पाह्यलं.

"माह्या मायचा पाय कापला. ज्या सीटवर तुमचा हा पाय होता, त्या सीटवर ती बसली असती तर वाचला असता. तुम्ही तवा पान पलटवलं होतं."

त्याईचे ओठ हलले. काय म्हणणार होते, देव जाणे. म्या वाट पाह्यली नाही. जखम धुतली. मेलेलं काढलं, जितं राखलं. पट्टी बांधली, जशी बांधायची तशीच. त्या पायाशी माहं वैर नाही. तो पाय बरा होईन, आन् माह्याच हातानं होईन.

पण हेवा मी सोडला नाही. बाया मले म्हणतात, झालं गेलं, हेवा बरा नाही, माणसाले आतून खातो. खाऊ दे. मले त्याईचा पाय तुटलेला नको आहे. मले मायचा पाय पाहिजे होता, त्याच उशीवर, त्याच टॉवेलवर, त्याच हवेत. तो मिळाला नाही. म्हणून आता ज्या बंगल्यावर ड्रेसिंगले जातो, तिथं पहिले भांडीवालीले खुर्चीवर बसवतो, तिचे तळपाय पाहतो, दोरा टेकवतो. मंग साहेबाचे. ज्या घराले हे पटत नाही, त्या घरचा पाय मी धरत नाही. दोन घरं सुटली. आणखी सुटतीन.

चप्पल माह्या पायात आहे. तिथंच राहीन.